रोडग्यांचं नाव डिरेक्टरीत

त्या दिवशी सकाळी अमरावतीत असं धुकं पडलं होतं की गल्लीच्या तोंडावरची पिठाची चक्की दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. थंडीनं बोटं आखडली होती. अंगणात गोवऱ्या पेटवल्या, तर धूर वर जायचं नावच घेईना. जमिनीवरच लोळत राहिला, सणाला आलेल्या जावयासारखा! डोळे पुसत बसलो आणि एकेक गोष्ट आठवायला लागली.

किस्से असेच साठतात. घडत असतात तेव्हा आपण वैतागलेले असतो. मग कधीतरी चार माणसं शेकत बसतात, आपण तोंड उघडतो आणि आपल्याच वैतागावर आपणच सगळ्यात मोठ्यानं हसतो. या हिवाळ्यात आमच्या घरी असे इतके साठले की गोवऱ्यांच्या शेजारी त्यांचीही रास लावावी.

मी ऑर्डरप्रमाणे रोडगे करून देतो. कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झाडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. कोणाचा नवस, कोणाच्या मळ्यातली पार्टी. शाळेत मी गेलो नाही. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं ओळखीची झाली, म्हणून माझं वाचन अजून ‘येथे पंक्चर काढून मिळेल’ याच्या फार पुढं गेलेलं नाही. तर अशा माणसाची वेबसाईट निघाली!

काढली आमच्या सुनेनं, वैशालीनं. तिनं कॉम्प्युटरचा क्लास केला. घरी बसून लोकांच्या वेबसाईट बनवायच्या, असा तिचा बेत. पहिलं गिऱ्हाईक मी, तेही फुकटातलं. साईट झाली, मग तिनं ती एका ऑनलाइन डिरेक्टरीकडं पाठवली. ही डिरेक्टरी म्हणजे शहरातल्या धंद्यांची मोबाइलमधली यादी. त्यांनी तपासून आपल्याला घेतलं तर लोकांना आपण सापडणार, नाही घेतलं तर साईट असून नसल्यासारखी.

गल्लीतले चक्कीवाले, टेलर, सगळे तिला म्हणाले, “पहिले सासऱ्याचं नाव तिथी दिसू दे पोरी, मंग आमचीबी बनव.” म्हणजे पोरीचा सगळा धंदा माझ्या रोडग्यांवर येऊन अडकला! तेव्हापासून ती तव्यावर भाकर टाकायच्या आधी एकदा मोबाइल बघायची, आणि भाकर काढल्यावर पुन्हा एकदा.

*

साईटवर फोटो पाहिजे होता. मी नवं धोतर नेसलो, टोपी घातली, गोवऱ्यांच्या राशीशेजारी उभा राहिलो. वैशाली म्हणाली, “मामाजी, हसा.” मी हसलो. नेमका वारा फिरला, धूर तोंडावर आला आणि फोटो निघाला. फोटोत मोठा जाळ, त्याच्या मागं धूर आणि धुरात रडणारा एक म्हातारा.

“अन् रोडगे कुठी हायेत?” आमच्या म्हातारीनं विचारलं.

“आत,” मी म्हटलं.

संध्याकाळी अकोल्याहून माझ्या साळ्याचा, विनायकचा, फोन आला. आवाज एकदम घाबरलेला. “भाऊजी, साईट पाह्यली. आग इझली काय? कोणाले लागलं तर नाही ना?”

*

डिरेक्टरीचा अर्ज भरायला बसलो. वैशाली मोबाइलवर विचारायची, मी सांगायचो.

“मामाजी, धंद्याची वेळ?”

“गोवऱ्या पेटल्यापासून रोडगा भाजून फुटेपर्यंत.”

“इथी आकडा मागून राह्यले.”

“आकडा कसा सांगू? गोवरी ओली असली तर?”

तिनं आपल्या मनानं काहीतरी टाकलं. मग विचारलं, “सुट्टीचा वार?”

“घरात सुतक असलं तर.”

वैशालीनं मोबाइल खाली ठेवला. म्हणाली, “मामाजी, तुमी चहा घेऊन या. तोवर मी सारं भरते.”

*

अर्ज गेला. उत्तर आलं की ‘तुमचा अर्ज विचाराधीन आहे.’ वैशालीनं बजावलं, “चौकशीचा फोन कधीबी येईन. अनोळखी नंबर आला तरी उचलायचा.”

मग काय! मी मोबाइल बनियनच्या खिशातच ठेवला. शेवटी एका दुपारी वाजला. एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, “बधाई हो सर! आपका सिलेक्शन हो गया है!”

पुढं ऐकायला मी थांबलो असतो तर! “धन्यवाद बेटी” म्हणून फोन ठेवला आणि सरळ हॉटेल गाठलं. गल्लीत घरोघरी जिलेबी वाटली. वैशाली दर्यापूरला माहेरी फोन लावून सांगत होती, तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. चक्कीवाल्यांनी जिलेबी तोंडात टाकून तिथल्या तिथं जाहीर केलं, “पोरी, उद्यापासून माही साईट सुरू कर!”

तासाभरानं त्याच पोरीचा फोन. “सर, आपने फोन काट दिया. आपको अपनी पत्नी के साथ हमारे होटल में आना है. गोवा का पैकेज है.”

चक्कीवाले विचारात पडले. म्हणाले, “भाऊ, जिलेबी तं आता वापस देता येत नाही. पण साईटचं मी थोडं थांबतो.”

आणि आमची म्हातारी म्हणाली, “जा ना! समुद्रावर गोवऱ्या पेटतात काय, पाहून तरी या!”

त्या रात्री वैशाली हसली सगळ्यांसोबत. पण जेवली कमी. मला दिसलं ते.

*

म्हणून मी ठरवलं, आपणच काहीतरी हातपाय हलवावेत. आपल्याकडं कोणतंही काम अडलं की पहिला प्रश्न एकच, ओळख कोणाची? विनायकचा फोन आलाच. “भाऊजी, डिरेक्टरीतला माणूस माह्या ओळखीचा आहे. तुमी फक्त डबा घेऊन या.”

मी पहाटे उठून रोडगे भाजले, म्हातारीनं वांगं केलं. वैशाली त्या दिवशी दर्यापूरला गेली होती, मुलगा कामावर. घराला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं बसनं अकोल्याला.

विनायकनं एका घरी नेलं. माझ्याच वयाचा गृहस्थ, पायजमा आणि स्वेटरमध्ये. आमचं ऐकून घेत होता आणि खात होता. एक रोडगा संपला, दुसरा संपला. मी हात जोडून म्हटलं, “साहेब, पोरीचा धंदा अडला आहे. आमचं नाव तेवढं चढवा.”

“चढवलं असतं,” तो बोटं चाटत म्हणाला. “मी टेलिफोन खात्यात होतो. डिरेक्टरीचे गठ्ठे माह्याच हातून वाटले जायचे.”

“अन् आता?”

“आता कुठी! ते छापणं बंद होऊन जमाना झाला. मीबी रिटायर झालो. वांगं मात्र एक नंबर आहे, भाऊ!”

परतीची बस मूर्तिजापूरला आली. मी खिडकीबाहेर बघत होतो. तेवढ्यात म्हातारी फणकारली, “माह्या भावाले काही म्हणाल तर पाहा!”

मी तोंडही उघडलं नव्हतं!

*

आणि मग आला तो धुक्याचा दिवस. अंगणात धूर लोळत होता, मी डोळे पुसत होतो, आणि वैशाली मोबाइल घेऊन दारात आली. तो माझ्यापुढं धरला. मला कळलं, उत्तर आलं.

“वाच,” मी म्हटलं.

तिनं वाचलं. “आमचा प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर येऊन गेला. तेथे असा कोणताही व्यवसाय आढळला नाही.”

खाली तारीख होती, नेमके आम्ही अकोल्याला गेलो होतो तो दिवस! ओळख काढायला गेलो आणि माणूस घरी येऊन गेला! पण मला समजेना. घराला कुलूप होतं, मान्य. भिंतीवर हातभर पाटी आहे, अंगणात राखेचा ढीग आहे. आंधळ्यालाही वासानं कळेल इथं रोडगे होतात म्हणून!

“काही नाही मामाजी,” वैशाली म्हणाली, “परत अर्ज करता येते. मी आत्ताच करते. ते पुन्हा येतील.” आवाज सरळ होता तिचा, पण लगेच पाठ फिरवून आत गेली.

मी गोवऱ्यांपाशी बसून राहिलो. तेवढ्यात धुक्यातून कानाला मफलर गुंडाळलेले करीमभाई आले. आमची भिंत एक. ते गाद्या-रजया भरतात, मी रोडगे भाजतो, आणि जवानीपासून एकमेकांची कामं बघत आलो. माझा चेहरा पाहून ते जवळ बसले. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला गप्प केलं. इकडं तिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले,

“मले मालूम आहे तू कायले भिऊन राह्यला. तू अकोल्याले गेला होता ना, तवा कार्पोरेशनचा माणूस आला होता, धुराची चौकशी कराले. गळ्यात कार्ड, हातात मोबाइल. मले इचारे, ‘रोडगे इथंच बनतात का?’ म्या म्हटलं, ‘कायचे रोडगे साहेब? या घरी चूलच पेटत नाही. बुढाबुढी दोघं दवाखान्यात, डबा माह्या घरून जाते!’ तुह्या पाटीवर तं म्या त्याले पाहूनच रजई वाळत टाकली होती. गेला बिचारा चूपचाप. अन् परत आला तरी घाबरू नको, भाऊ. साऱ्या गल्लीले सांगून ठेवलं आहे, कोणी तुहं नाव घेणार नाही!”