नऊ ते दहाचा टेबल

वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानावरच्या माडीत पूलचा, म्हंजे काठीनं बॉल मारायच्या खेळाचा, एकच टेबल हाये. संध्याकाळी तिथं पोरांची नुसती झुंबड. त्या गोंधळात खेळता येतं, शिकता येत न्हाई, अन् मला शिकायचं होतं. चाळिशी ओलांडल्यावर हे काहून, असं बायकोनं विचारलं. तिला खरं तेच सांगितलं. बाप गेला तेव्हा मी कामावर होतो, वेळेवर पोचलो न्हाई. तेव्हापासून डोकं एका जागी थांबत न्हाई. नेम धरला की तेवढं थांबतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, टेबल कुठं ठेवणार? हात सरळ चालावा म्हणून पलंगावर बाटली आडवी ठेवायचो अन् तिच्या तोंडातून काठी मागंपुढं करायचो, काचेला लागू न देता. लेकरं हसायची. शेवटी हॉलच्या म्हाताऱ्या मालकांना हात जोडले. काका म्हणतो आमी त्यांना. त्यांनी सकाळी नऊ ते दहाचा तास दिला, किल्लीच हातावर ठेवली. बदल्यात मी टेबलाच्या कापडाला ब्रश मारायचा.

त्या तासात एकच फटका मारायचो. पांढरा बॉल समोरच्या बॉलला लागून जागच्या जागी थांबला पाहिजे. थांबला की बरं वाटायचं, अन् ते दिवसभर पुरायचं.

मग हळद निघाली. मी हळद पॉलिश करायच्या ड्रमवर असतो. या दिवसांत ड्रम पहाटेच सुरू होतो. एका सकाळी नऊची सुट्टी झाली, तास हुकू नये म्हणून हात पँटीला पुसले अन् तसाच फाट्यावर गेलो. तिसऱ्या फटक्याला बघतो तर डावा हात टेकला होता तिथं हिरव्या कापडावर पिवळा पंजा, पाची बोटांसकट. मी घाबरलो. मोरीतला साबण आणून ओल्या फडक्यानं घासायला लागलो. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा जन्म हळदीत गेला, पण त्या घडीला अक्कल कुठं गेली कोण जाणे. पंजा लालभडक झाला.

कुलूप लावून निघालो असतो तर आळ संध्याकाळच्या पोरांवर गेला असता. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं तसं. पण पाय निघाला न्हाई. दहाला काका आले. आधी डाग बघितला, मग माझे हात.

“असेच आलास?”

“व्हय काका. चुकलं माझं.”

ते खुर्ची ओढून बसले.

“कापड जुनंच हाये,” मग म्हणाले. “पण हळद संपेस्तोवर येऊ नको. किल्ली दे.”

दिली. त्यांचं बराबर होतं, भांडणार कशावरून?

हळद संपायला अजून दीड महिना हाये. ड्रमवर नऊला तासभर चहा-भाकरीची सुट्टी होते, सगळे लिंबाखाली बसतात, मीही बसतो. तेव्हाच बाप आठवतो, अन् दहा वाजेस्तोवर डोक्यातून हलत न्हाई.