गप्प राहण्याचा पर्याय

असल्या गोष्टींना मी आजवर हसतच आलेय. संकष्टी धरते, पण ती सासूबाईंनी लावलेली सवय म्हणून. नजर, बाधा, उतारा... यातलं काही घरात येऊ दिलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मनात म्हणायचे, झोप लागत नसेल बिचाऱ्यांना. तेव्हा माझं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. मी मुळात कमी बोलणारी बाई. लिहितेय ते न राहवून.

आम्ही सिडकोत राहतो, मी आणि माझी मुलगी सायली. तिचे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथल्याच जिन्यावरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. सायली आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करायची, मी हॉलमध्ये कूलरसमोर पडून. सिरियल बघून डोकं उठलं तेव्हा तिनं तिचा गेम लावून दिला आणि तो रिमोटसारखा कंट्रोलर माझ्या हातात कोंबला.

"मारामारी नाहीये गं यात. गोष्ट आहे. माणसं बोलतात, आपण काय उत्तर द्यायचं ते निवडायचं. तशी गोष्ट पुढं जाते."

या गेमचा पहिला भाग मी तिला खेळताना पाहिला होता. परदेशातलं एक समुद्रकाठचं गाव, पत्र्याच्या छपरांची घरं. एल्सी नावाची मेलेली पोरगी गावातल्या एकेकाचा सूड घेते. हा नवा भाग म्हणजे त्याच्या आधीची गोष्ट, प्रीक्वेल. एल्सी जिवंत असतानाची. आणि आपण कोण, तर एल्सीची मैत्रीण.

"म्हणजे ही शेवटी मरणारच?" मी विचारलं.

"मरणारच. ते ठरलेलंय. पण तुझा त्यात हात किती, ते तुझ्यावर."

कुणी प्रश्न विचारला की खाली तीन उत्तरं यायची आणि एक पांढरी पट्टी आटत जायची. पट्टी संपेपर्यंत काही निवडलं नाही तर आपण गप्प राहिलो असं धरलं जायचं. मी बहुतेक वेळा गप्पच राहायचे. मग कोपऱ्यात अक्षरं यायची, एल्सी हे विसरणार नाही.

"आई, बटण दाब ना! इथंसुद्धा मौनव्रत?" सायली आतून ओरडायची. "तुझ्यामुळं मरणार ती पोरगी!"

मी हसायचे. आता त्या वाक्याची आठवण नको वाटते.

त्याच दिवसांत सायलीचं जमत आलं होतं. मुलगा निखिल, कन्नड तालुक्यातला, नोकरीला इथंच. दोघं भेटले, फिरले, एकमेकांना पसंत होते. ती फोनवर बोलताना गॅलरीत जाऊन हळू हसायची. एवढं खूष मी तिला तिचे बाबा असतानाच पाहिलं होतं. फक्त मुलाच्या आत्यानं सांगून ठेवलं होतं, "पोरगी लई आवडली आम्हाला. पण चार ठिकाणी चौकशी करू, मग सुपारी फोडू. तुम्हीबी करा."

चौकशी. आपल्याकडं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन जातो, मुलगी कशी आहे हो? उत्तर देणाऱ्याचं नाव पुढं कधी कुणाला कळत नाही. तशी रीतच आहे.

मला ही रीत फार चांगली माहीत आहे.

लग्नाआधी आम्ही चिकलठाण्याला वडिलांच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आख्ख्या लाइनीत फोन आमच्याच घरी. दोन दारं सोडून रेखा राहायची. माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ, हसली की नळापर्यंत ऐकू जाणारी. मला पाहायला पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा मी एका प्रश्नालाही तोंड उघडलं नाही. त्यांनी निरोप धाडला, मुलगी मुकी आहे का? हे रेखाला कळलं. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायकांसमोर तिनं हातात चहाचा ट्रे धरल्यासारखं केलं, मान खाली घातली, आणि ओठ गच्च मिटून एकेकीसमोर वाकत गेली. "घ्या हो पाहुणे, मुकीच्या हातचा चहा!" बायका पोट धरून हसल्या. माझी आईसुद्धा हसली.

मी भरलेला हंडा उचलून घरी आले. आत मात्र कायमची अढी बसली.

पुढं रेखाला फार चांगलं स्थळ आलं. शिकलेला, नोकरीवाला मुलगा. एका दुपारी आमचा फोन वाजला. मुलाकडची कुणी बाई होती. तुमच्या लाइनीतली रेखा कशी आहे हो पोरगी?

मी वाईट एक शब्द बोलले नाही. चांगलाही बोलले नाही. रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. "हॅलो... ऐकू येतंय ना?" बाई म्हणाली. मी श्वास ऐकू जाईल एवढा तोंडाजवळ रिसीव्हर घेतला आणि गप्प राहिले. तेवढ्यात कंपनीचा पाळी सुटल्याचा भोंगा वाजला. भोंगा थांबल्यावर बाई हळूच म्हणाली, "बरं... समजलं." आणि फोन ठेवला.

मला आनंद झाला होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मुकी म्हणालीस ना? घे.

ते स्थळ गेलं. चौकशीत काहीतरी निघालं एवढंच पसरलं, आणि काय निघालं ते माहीत नसल्यामुळं लोकांनी आपापल्या मनानं भरलं. शेवटी वडिलांनी तिला कन्नडच्या पलीकडं एका बिजवराला दिली. तापानं आजारी पडली, सासरच्यांनी वेळेवर दवाखान्यात नेलं नाही. गेली. मी भेटायलाही गेले नव्हते.

आता त्या दुपारबद्दल. संकष्टी होती, उपासामुळं डोकं जरा जड होतं. सायली बँकेच्या कामाला बाहेर गेली होती. मी गेम खेळत होते. मैत्रिणीच्या घरात, म्हणजे माझ्याच, एक जुना काळा डायलचा फोन वाजायला लागला. मी बटण दाबून उचलला. पलीकडं एक बाई इंग्रजीतच विचारत होती, शेजारची ती मुलगी कशी आहे? आम्हाला लग्नासाठी चौकशी करायची आहे.

परदेशातल्या गावात ही कसली चौकशी, असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाली उत्तरं आली. ती फार चांगली मुलगी आहे. मला तिच्याविषयी बोलायचं नाही. ती वाईट आहे. आणि पट्टी आटायला लागली.

माझ्या डोळ्यांसमोर एल्सी नव्हतीच. रेखा होती, तो ट्रे धरलेले हात होते. पहिल्या उत्तरावर माझा अंगठा होता. नुसता दाबायचा होता... मी दाबला नाही. एवढ्या वर्षांनी, ती मेलेली असताना, मला परत त्याच आनंदाची चव हवीशी वाटली. मी पट्टी संपू दिली.

त्या गेममध्ये, त्या समुद्रकाठच्या गावात, भोंगा वाजला. आमच्या कंपनीचा. शेवटाला घसा बसल्यासारखा फाटणारा. तो भोंगा मी कुठंही ओळखीन.

"समजलं," बाई मराठीत म्हणाली. कोपऱ्यात अक्षरं आली. यावेळी एल्सीचं नाव नव्हतं. ती विसरलेली नाही, एवढंच.

मी टीव्हीचा स्विचच बंद केला. सायली आल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, यात तो फोनचा सीन कसा पार करायचा? ती म्हणाली, "कुठला फोन? त्यांच्या गावात फोनच नाहीयेत अजून. जुन्या काळातली गोष्ट आहे ती."

दोन-चार दिवसांनी कन्नडहून निरोप आला, नको. कारण काही नाही. निखिलनं सायलीचे फोन घेणं बंद केलं. तिची अवस्था बघवेना तेव्हा मी स्वतः आत्याबाईंना फोन लावला. जन्मात एवढी कुणासमोर गयावया केली नव्हती.

"बाई, तुमच्या तोंडावर कसं सांगू..." त्या आढेवेढे घेत म्हणाल्या. "तुमच्या जुन्या शेजारणीला इचारलं आम्ही. चिकलठाण्याच्या. पोरीचं नाव घेतलं अन् ती बाई गपच झाली बघा. श्वास ऐकू येत व्हता. मी हॅलो हॅलो करतेय... मग मागं भोंगा वाजला. चांगल्या पोरीबद्दल कोण असं गप राहील?"

"कधी केला होता फोन?"

"चतुर्थीलाच की. दुपारी."

"नंबर कुणी दिला तुम्हाला?"

"इथं बाजारात भेटली एकजण. तुमच्याच लाइनीत राहायची म्हणे. लई हसरी बाई. म्हणाली, हिला इचारा, मुकी हाय पण खोटं बोलायची नाय." आत्याबाईंना बोलता बोलता हसू आलं. "अन् नक्कल तरी काय केली तिची! ट्रे धरल्यावानी हात केले, मान खाली..."

मी नंबर वाचून दाखवायला सांगितला. तो आमच्या क्वार्टरचा होता. वडील निवृत्त झाले तेव्हाच तो फोन काढून टाकला. ती कंपनीसुद्धा आता नाही, तिथं फ्लॅट झालेत.

त्या गप्प बाईचं नाव मी आत्याबाईंना सांगू शकले नाही. काय सांगणार होते?

सायलीला मात्र सगळं सांगितलं. नळ, फोन, रेखा, गेम, सगळं. एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. ती रडली नाही, ओरडली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझ्याबद्दल विचारलं, आणि तू गप्प राहिलीस."

"अगं, मला काय माहीत तो प्रश्न तुझ्याबद्दल होता..."

"मग तुला कुणाबद्दल वाटला होता?"

ती माझ्याकडं बघत थांबली होती. त्या पट्टीसारखी आटत गेली तिची नजर, आणि मग ती उठून आत गेली.

सायली आता पुण्याला असते. फोन उचलते, हो-नाही करते. गेम ती इथंच सोडून गेलीय. प्लास्टर केव्हाच निघालं, तरी मी दुपारी खेळत बसते. सगळे रस्ते घेऊन पाहिले, एल्सी दर वेळी मरते, फोन काही वाजत नाही. बाजारात ती बाई कोण होती, बंद नंबर कुठं लागला, मला आजही सांगता येत नाही. पहिल्या उत्तराच्या बटणावर अंगठा ठेवून मी वाट बघते.