पाचशे साठ लिहिणारे डोमाजी

आकडा लिहिण्याआधी डोमाजी तापमानाच्या काट्याच्या काचेवर तीन टिचक्या मारायचे. काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून. मग चष्मा पुसून नोंदवहीत लिहायचे. सत्तरच्या दशकात नागपूरजवळच्या वीजकेंद्रात बॉयलरवर आम्ही तीन पाळ्यांत तिघं ऑपरेटर होतो. वाफ पाचशे चाळीस अंशांवर ठेवायची, चढली की पाण्याचा फवारा वाढवून उतरवायची. पोटापाण्याचा धंदा एवढाच.

एका उन्हाळ्यात फवाऱ्याचा व्हॉल्व्ह अडकला. वाफ पाचशे साठच्या खाली येईना आणि बॉयलर बंद करायला वरून परवानगी मिळेना. आम्ही दोघं मुकाट्याने दर तासाला पाचशे चाळीस लिहायचो. आधीचे ऑपरेटरही वाफ चढली की तसंच लिहीत आले होते. साहेब खूश, झंझट नाही. डोमाजी पाचशे साठच लिहायचे आणि खाली, व्हॉल्व्ह दुरुस्त करावा.

"काहून फासात मान देता जी?" मी विचारलं.

"बॉयलरच्या नळ्या काय वही वाचते का गा? त्यायले चटका लागाचा तेवढा लागतेच."

दीड महिन्याने नळी फुटली. माझ्या पाळीत. वाफेने भाजून आमचा फिटर किसन गेला.

चौकशीत तिन्ही पाळ्यांच्या नोंदी मांडल्या. जास्तीचा आकडा फक्त डोमाजींच्या अक्षरात. "नळ्या तुमच्याच पाळीत तापल्या," साहेब म्हणाले. व्हॉल्व्हची ओळ कुणी वाचलीच नाही. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहत राहिलो. माझ्या दोन पोरी लहान होत्या, असं मी अजून स्वतःला सांगतो. ते पुरत नाही. त्यांची नोकरी गेली.

दोन वर्षांनी ते फार आजारी आहेत असं कळलं, तेव्हा कुठे नागपुरात सक्करदऱ्याला त्यांच्या घरी जायचा धीर केला. अंगाची नुसती काडी झाली होती. वहिनींनी काखेतला थर्मामीटर काढला.

"शंभर हाये जी. उतरला ताप."

डोमाजींनी तो हातात घेतला, सवयीने काचेवर तीन टिचक्या मारल्या आणि माझ्यापुढे धरला. "मले दिसून नाही राहिलं. तू वाच गा."

पारा एकशे चारवर होता. मागे वहिनी हात जोडून उभ्या होत्या.

"शंभर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. "तू अजून तसंच लिहून राहिला का गा?"

चौथ्या दिवशी ते गेले. दुपारी माझी पाळी होती. वाफ चढलेली होती आणि मी पाचशे चाळीस लिहिलं.