मंगळवारच्या सरांची दोरी

मंगळवारचे सर घरात शिरले की आधी डोळे मिटायचे. चपला काढून उंबऱ्यावर क्षणभर उभे राहायचे आणि मिटल्या डोळ्यांनी भिंत चाचपत मोरीपर्यंत जाऊन यायचे. वाटेत घमेलं पायाला लागलं की मला बोलणी बसायची, मागच्या आठवड्यात ते इथं नव्हतं म्हणून. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस पिऊन आलाय.

ते दृष्टिहीन मुलांचे फिरते शिक्षक. जळोचीहून मोटारसायकलवर यायचे. आमच्या निरवांगीला मंगळवार असायचा. माझ्या सुमनला जन्मापासून दिसत नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मी आतून बधिर झाले होते. स्वयंपाक करायचा, डाळिंबाच्या बागेत जायचं आणि तिचा हात सोडायचा नाही, एवढंच मला कळत होतं.

सरांनी तिच्याऐवजी मलाच समोर बसवलं. "पोरगी शिकंल," म्हणाले, "मला तुमालाच शिकवायचं हाय, ताई."

त्यांनी दारापासून अंगणातल्या नळापर्यंत दोरी बांधली. डाळिंबाच्या फांद्यांना आधाराला बांधतो, तीच. सुमनने ती धरून एकटीने जायचं. दर महिन्याला सर त्यातली हातभर दोरी कापून टाकायचे, म्हणजे तेवढी वाट तिनं दोरीशिवाय चालायची. ते गेले की मी तुकडा गाठ मारून पुन्हा जोडायची. पुढच्या खेपेला गाठ त्यांच्या हाताला लागायची. पिशवीतून कात्री काढायचे आणि परत कापायचे. त्याच पिशवीत ब्रेलची पाटी असायची, अपंगत्वाच्या दाखल्याचे आणि शिष्यवृत्तीचे अर्जही असायचे. अर्ज मात्र मलाच भरायला लावायचे.

निमगाव केतकीच्या बाजाराच्या दिवशी ते आम्हा सात-आठ आईबापांना तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात जमवायचे. भाजीच्या पिशव्या मांडीशी ठेवून आम्ही बसायचो. एवढ्या मोठ्या पोरीला हाताने भरवणारी मी एकटीच नाही, हे मला तिथं कळलं. सर एकदा म्हणाले, "आपल्या माघारी कोण भरवणार, त्ये आजच ठरवा."  सगळ्यांनी खाली बघत चहा प्यायला.

एकदा ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं मीच वाटेत ठेवलं. सुमन अडखळून पडली, ओठ फाटला. माझा तोल गेला. मी सरांना म्हणाले, तुम्हाला काय होतंय दोरी कापायला, पोर तुमची थोडीच आहे.  त्यांनी वेटोळं उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "तुमची हाय. म्हणून तर सोडा." त्यानंतर मी गाठ मारली नाही. कापलेले तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकत गेले.

सुमन आता बारामतीत कॉलेजला आहे. वसतिगृहात राहते, एसटीने एकटी येते-जाते. सर मागच्या वर्षी गेले. झोपेतच गेले म्हणतात. आम्ही दोघी जळोचीला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो.

घरात खाटेवर पस्तिशीची एक बाई बसली होती. सरांची बायको तिच्या तोंडाला चहाचा पेला लावत होती. त्या बाईने आईचं मनगट घट्ट धरलेलं, आणि तिची नजर कुठंच नव्हती. सरांना मुलगी आहे हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

"थोरली लई लाडाची," बायको म्हणाली. "ह्यांनी तिचा हात कधी सोडलाच न्हाय. मग सोडायचं म्हणलं, तर ती सोडंना. तवापासनं ह्ये दुसऱ्याच्या दारात फिरायला लागलं."

मी सरांना काय बोलले होते ते आठवलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, आलं नाही. मोरीपर्यंत किती पावलं आहेत, असं मी विचारलं. बायकोला सांगता येईना.

पुढच्या मंगळवारी डब्यातले दोरीचे तुकडे पिशवीत घेतले आणि सुमनबरोबर पुन्हा जळोचीला गेले. चपला काढल्या, सरांच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि डोळे मिटले. दुसऱ्याच पावलाला घमेलं लागलं.