दोन नुक्त्यांचा बी.ए.

निजामाच्या राज्यात चुडाव्याच्या माणसाला बी.ए. व्हायचं असेल तर आधी आगगाडीचं वेळापत्रक पाठ लागे. चार बुकं मराठी गावातच. मग पूर्णेला, मग परभणीच्या हायस्कुलात मॅट्रिक. मॅट्रिक झालं की औरंगाबादला इंटरमिजिएटची दोन वर्षं, आणि ती पदरात पडली की गाडीचं तोंड उलटं फिरवून थेट हैदराबाद, तिथं बी.ए.ची दोन. मधे कुठं चुकीच्या फलाटावर उतरलात तर सरळ गावी, औताच्या मागे. एवढं असूनही जाणारे जात. आमच्या चुडाव्यातून असा पहिला गेला तो आश्रुबांचा मुंजाजी.

मुंजाजी अंगानं काटकुळा, डोक्यानं तेज आणि अक्षराच्या बाबतीत गर्विष्ठ. हे तिसरं महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं रामायण त्या अक्षरानंच केलं. परभणीला सगळं शिक्षण उर्दूतून. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, गोदावरीसुद्धा उर्दूतून वाहायची. घरी जोंधळ्याची भाकरी मराठीत खाणाऱ्या या पोरानं वर्षभरात ती लिपी अशी काही आत्मसात केली की मास्तर त्याची वही इतरांना दाखवत. तिथंच बिघडलं. मुंजाजीला घसीट लिहिण्याचा नाद लागला. मोठमोठे सरकारी अंमलदार कसे, कलम टेकवलं की ओळीच्या शेवटीच उचलतात! त्यांच्या हुकमात नुक्ते नसतात. नुक्ता म्हणजे अक्षराच्या वरखाली द्यायचा ठिपका. "नुक्ते देतेत ते पाटीवरले पोरं," असं मुंजाजी म्हणू लागला, आणि त्यानं नुक्ते सोडून दिले.

मॅट्रिकच्या परीक्षेचा अर्ज त्यानं याच थाटात भरला. आता उर्दूत 'ज' नावाचं जे अक्षर आहे, त्याच्या पोटात एक नुक्ता असतो. तो दिला तर 'ज', नाही दिला तर 'ह'. मुंजाजीत 'ज' दोन. दोन्हींचे नुक्ते गेले, उकार उर्दूत बहुधा लिहीतच नाहीत, आणि अर्जावर 'मन्हाही' असं जे काही उरलं ते वाचणाऱ्यानं प्रामाणिकपणे वाचलं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. समोर लिहिलेलं कुठल्याही शहाण्या माणसाला एकच शब्द म्हणून वाचता आलं असतं, तो म्हणजे 'मनाही'. म्हणजे आपली मराठीतली मनाई. मुंजाजी मॅट्रिक पास झाला. दुसऱ्या वर्गात झाला. सनद आली ती मनाही वल्द आश्रुबा, म्हणजे आश्रुबांचा मुलगा मनाही, या नावाची.

आनंदाच्या भरात ती सनद कुणी नीट वाचली नाही. आश्रुबांना वाचता येत नव्हतं, आणि मुंजाजीनं फक्त वर्ग पाहिला.

आश्रुबा तसे शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. पण त्यांचं एक गणित होतं. "यंदा पेरणीच्या आत कालेजात घुसलास तर घुसलास," ते म्हणाले होते. "न्हाई तर औत धर. पुढच्या साली बघू, असलं मला सांगायचं न्हाई. पुढच्या सालाचं मला पावसाबद्दल बी कळत न्हाई, तुझ्याबद्दल काय कळणार?"

तेव्हा अमरदादच्या पंधरा तारखेला, म्हणजे आपल्या जूनमध्ये, मुंजाजी औरंगाबादला कॉलेजच्या दफ्तरात उभा राहिला. प्रवेशाची शेवटची तारीख वीस. दफ्तरातले मुन्शीजी वयस्कर होते आणि कागद वाचताना ओठ हलवत. त्यांनी एका हातात शाळेचा दाखला धरला, दुसऱ्या हातात सनद, आणि मान आळीपाळीनं दोन्हीकडं वळवली.

"मियां," ते म्हणाले, "दुसरे साहेब किधर हैं?"

"कोण दुसरे?"

"दाखले में मुंजाजी हैं. सनद में मनाही हैं. शाळा सोडी सो एक, परीक्षा दी सो दुसरा. मैं किसकू दाखल करूं?"

मुंजाजीनं सनद हातात घेतली आणि पहिल्यांदा वर्गाच्या वरची ओळ वाचली. मुन्शीजींनी त्याला समोर बसवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाले, "नाव लिखो अपना. जैसा अर्जी में लिखे थे वैसा." मुंजाजीनं लिहिलं. मुन्शीजींनी पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बाप का नाव तो पूरे नुक्तों के साथ लिखे. अपनेच नाव पे कंजूषी कायकू?"

हे मात्र खरं होतं. बापाच्या नावावर घसीट ओढायचं मुंजाजीला धाडस झालं नव्हतं. आश्रुबातल्या 'श'चे तिन्ही नुक्ते जिथल्या तिथं होते.

मुन्शीजींनी मग उपाय सांगितले. सनदेवरचं नाव बदलायचं तर हैदराबादला अर्ज, चौकशी, जबाब. सहा महिने कुठं गेले नाहीत. शाळेचा दाखला मात्र शाळेतल्या शाळेत बदलता येतो. "कागज बदलने कू छे महिने," ते म्हणाले, "आदमी बदलने कू एक दिन. जाव, मनाही होके आव. बीस तारीख कू शाम तक मैं बैठूंच."

मुंजाजी आला तसा गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी परभणीला शाळेच्या हेडमास्तरांपुढं उभा. त्यांनी सगळं ऐकलं, खिडकीबाहेर पाहत थोडं हसून घेतलं आणि गंभीर होऊन म्हणाले, "नाव ठेवलं बापानं. तर बदलेलही बापच. त्याची संमती आण, अंगठा आण, आणि खाली एका मोतबर माणसाची साक्ष. मी लगेच दाखला देतो."

ही अट ऐकायला सोपी होती.

सतरा तारखेला सकाळी मुंजाजी चुडाव्याच्या स्टेशनावर उतरला तो थेट गेला दत्तोपंतांकडं. दत्तोपंत गावच्या शाळेचे मास्तर. मुंजाजीला 'ग'पासून त्यांनीच शिकवलेलं, आणि गावात उर्दू लिहिता येणारे तेवढे एकच. मोतबर म्हणावं तर तेच. त्यांनी सनद वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा, नुक्ता काय सरकारी कर होता का, चुकवायला?"

पण कागद घेऊन ते त्याच्याबरोबर निघाले.

आश्रुबा औताला नवी पास, म्हणजे लोखंडी पातं, बसवत अंगणात बसले होते. आई, बायनाबाई, चुलीपुढं. दत्तोपंतांनी घोंगडीवर बसून प्रकरण मांडायला सुरुवात केली. पण आश्रुबांना मुलाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"काय नाव म्हणलास?"

"मनाही."

"कशाला मनाही?"

"कशालाच न्हाई, आबा. नावच हाय ते."

"आसं कुठं नाव असतंय? म्या ठेवलं मुंजाजी. त्यातले ठिपके तू खाल्लास?"

"खाल्ले न्हाईत. दिले न्हाईत."

"मंग जाऊन दे की आता! दोन ठिपके, त्याला किती येळ लागतोय?"

"आता कागद सरकारचा झाला. त्याच्यावर ठिपका दिला तर तुरुंगात टाकतेत."

आश्रुबांनी हातातली पास खाली ठेवली. "पंत, तुमी शिकलेले मानसं. तुमीच सांगा. दोन ठिपके न्हाई दिले तर नाव जातंय, अन् दिले तर पोरगं जातंय. हे कसलं शिक्षान?"

दत्तोपंत म्हणाले, "आश्रुबा, फक्त कागदावर. घरात मुंजाजीच."

"न्हाई जमायचं." आश्रुबांचा आवाज खाली आला. "तुमाला ठावं हाय. तीन लेकरं गेली हिची. मंग पिंपळावरल्या मुंजाला नवस बोललो, तवा ह्यो जगला. नाव त्याचं हाय. ते मोडलं अन् त्यो कोपला तर? कालेज ऱ्हायलं तर औत हाय. पोरगं ऱ्हायलं न्हाई तर काय हाय?"

थट्टेच्या मागे हे असं काही उभं असेल याची मुंजाजीला कल्पना नव्हती. त्यानं सनदेची घडी घातली आणि खिशात ठेवली. दत्तोपंत उपरणं झटकून उठण्याच्या बेतात आले.

चुलीपुढून बायनाबाई म्हणाल्या, "बसा पंत. भाकर होऊ लागलीय." मग भाकरी उलटत, कुणाकडंही न पाहता, "काय ओ, मुंजा कोण व्हता?"

"कोण म्हंजे? पिंपळावरला," आश्रुबा म्हणाले.

"पिंपळावर बसायच्या आधी?"

"लेकरू व्हतं. मुंज झाली अन् गेलं, आसं म्हनतेत."

"मुंज कशापायी करतेत पंत?"

दत्तोपंत सावरून बसले. "शिकण्यासाठी. मुंज झाली की मुलानं गुरूच्या घरी शिकायला जायचं."

"म्हंजे ते लेकरू शिकायला निघालं व्हतं, अन् पोचलं न्हाई." बायनाबाईंनी भाकरी तव्यावरून काढून विस्तवाला लावली. ती फुगली. "माझं बी शिकायलाच निघालंय. त्याला जाऊ दिलं तर मुंजा कोपंल, का अडवलं तर?"

आश्रुबांनी पास उचलून भिंतीला टेकवली. दत्तोपंत पुढं कैक वर्षं सांगायचे, की धर्मशास्त्रावरचा इतका सरळ निवाडा मी काशीच्या पंडिताकडूनही ऐकला नाही. ते काशीला कधी गेले नव्हते, पण म्हणणं रास्त होतं.

"आणा शाई," आश्रुबा म्हणाले. "पर घरात कुणी त्याला मनाही म्हणलं तर मी जेवणार न्हाई, सांगून ठिवतो."

दत्तोपंतांनी तिथंच संमतिपत्र लिहिलं आणि धडा घेतल्यासारखे नुक्ते दिले, एकेक जोंधळ्याच्या दाण्याएवढा. आश्रुबांनी अंगठा उमटवला. त्याला नुक्त्यांची गरज नव्हती.

मुंजाजी जेवला, अठराला परभणी गाठली. हेडमास्तर शेजारच्या गावी लग्नाला गेलेले. एकोणीसला संध्याकाळी ते परतले आणि त्यांनी लग्नातला फेटा डोक्यावर असतानाच नवा दाखला सही करून दिला. वीसला दुपारी मुंजाजी औरंगाबादच्या दफ्तरात धापा टाकत शिरला तेव्हा मुन्शीजींनी आधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, ओठ हलवत वाचले, आणि वहीत नाव चढवलं. मग म्हणाले, "पानी पीव, मनाही मियां."

इंटरमिजिएटची दोन वर्षं मुंजाजीनं मेस, मच्छर आणि मआशियात यांच्याशी झगडत काढली. मआशियात म्हणजे अर्थशास्त्र. घसीट त्यानं सोडली. आता तो असं स्वच्छ लिहायचा की पेपर तपासणाऱ्यांना शंका यावी, हा विद्यार्थी आहे की सुंदर अक्षराचा पगारी खुशनवीस. इंटर पास झाला, आणि हैदराबादला बी.ए.च्या प्रवेशाचा अर्ज त्याच्यापुढं आला.

या अर्जाची हकीकत तो स्वतःच सांगायचा. "सगळा अर्ज भरला. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, समदे नुक्ते जागच्या जागी. मग माझं नाव लिहिलं अन् कलम थांबलं. टोकाला शाई व्हती. दोन ठिपके दिले की झालो मी मुंजाजी. अन् मुंजाजी झालो की संपलो, कारण मॅट्रिकपासून समदे कागद मनाहीचे. शाईचा थेंब असा लोंबायला लागला, की आपोआप पडतोय की काय! कलम उचललं अन् धोतरालाच पुसलं."

ते धोतर बायनाबाईंनी पुढं चार वेळा उकळलं, पण डाग गेला नाही.

बी.ए.चा निकाल लागला तो एकोणीसशे चाळीस साली, खुर्दादमध्ये, म्हणजे आपल्या एप्रिलमध्ये. दत्तोपंत पूर्णेला जाऊन सरकारी जरीदा, म्हणजे निकाल छापलेलं गॅझेट, घेऊन आले. मुंजाजीला हैदराबादहून निघताना निकाल कळला नव्हता. तो त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं येणार होता. दत्तोपंत आणि आश्रुबा स्टेशनावरच बसले. दत्तोपंतांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, "मनाही वल्द आश्रुबा. कामयाब."

"परत वाचा."

दत्तोपंतांनी परत वाचलं.

"माझं नाव छापलंय?"

"छापलंय."

"बराबर?"

"अगदी बरोबर. 'श'चे तिन्ही ठिपके आहेत."

आश्रुबांनी जरीदा हातात घेतला, उलटा धरला, आणि समाधानानं परत दिला. त्यानंतर गाडी येईपर्यंत त्यांनी तो आणखी पाच वेळा वाचायला लावला. शेवटच्या दोन वेळा तर स्टेशनमास्तरही येऊन ऐकून गेले.

गाडी आली. डब्यांतून माणसं उतरू लागली, मुंजाजी काही दिसेना. आश्रुबा फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, खिडक्यांतून डोकावले. मग काय झालं कोण जाणे, चार वर्षांत जे नाव त्यांनी घरात उच्चारू दिलं नव्हतं ते त्यांनीच, जरीद्यात ऐकलेल्या थाटात, साऱ्या फलाटाला ऐकू जाईल असं पुकारलं.

"मनाही वल्द आश्रुबा!"

तिसऱ्या वर्गाच्या एका डब्यात ट्रंकेवर डोकं टेकून झोपलेला एक काटकुळा तरुण, कॉलेजातल्या हजेरीच्या चार वर्षांच्या सवयीनं, डोळे उघडायच्या आधीच ताडकन उभा राहिला.

"हाजिर, जनाब!"

"जनाब कुणाला म्हणायलास? बाप हाय मी," आश्रुबा खिडकीचे गज धरून म्हणाले. "उतर खाली. पास झालायस."