एक फोटो, दोन क्लास आणि आमचीच नोटीस

नोटीस घेऊन आलेले क्लासवाले सर रागाने धुमसत होते. मी कागद उलगडला. वर लेटरहेड आमच्याच वकिली फर्मचं होतं.

आमची ऑफिसं दोन. लातूरला मोठे साहेब, नांदेडला मी. दोघांची पक्षकारांची रजिस्टरं वेगळी, एकमेकांचं बघायची पद्धतच नव्हती. त्यामुळे लातूरच्या एका क्लाससाठी साहेबांनी जी नोटीस काढली, ती नांदेडला माझ्याच जुन्या पक्षकाराला येऊन धडकली. वकिलीत याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. म्हणजे एकाच लग्नात वराकडूनही आणि वधूकडूनही मानाचा फेटा बांधून घेणं.

भांडण फोटोचं होतं. हदगावची नसरीन मेडिकलला लागली. अभ्यासक्रम तिने लातूरच्या क्लासला केला, शेवटची टेस्ट सिरीज नांदेडला दिली. दोन्हीकडच्या होर्डिंगवर तीच, खाली 'आमची टॉपर'. नोटिशीत मागणी होती, नांदेडचं होर्डिंग उतरवा. आठवड्याभरात क्लासच्या अॅडमिशन सुरू होणार होत्या. ज्याचं होर्डिंग उतरेल त्याची पोरं समोरच्याकडे जाणार, हे दोन्ही सरांना पाठ होतं.

साहेबांना फोन केला. त्यांनी आधी एवढंच विचारलं, की जुना पक्षकार कुणाचा, तुझा की माझा. शेवटी ठरलं, सगळ्यांना लातूरला बोलावून तडजोड करायची. मुलगी खरी कुणाची विद्यार्थिनी, हे सांगायला तिच्या वडिलांनाही बोलावलं.

रशीदभाई हदगावचे टेलर. ते आले तसे दोन्ही सर उठून आपापल्या शेजारची खुर्ची पुढे करू लागले. रशीदभाई दारातल्या स्टुलावर बसले. दोन्ही बाजू त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

"वकीलसाब, फोटो लावायच्या आधी माज्या लेकीला कुणी इचारलं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलकडे. चार पानांची नोटीस, नऊ मुद्दे. पण संमतीपत्र, म्हणजे फोटो वापरायची लेखी परवानगी, एकाकडेही नव्हतं. आम्हीही मागितलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

"बसस्टँडवर गेली की लोक घेरतात तिला," रशीदभाई म्हणाले. "पोरगी रोज म्हणून राहिली, अब्बा, मला चौकातून खाली उतरवा."

मग त्यांनी चष्मा पुसला.

"आता माज्याकडून बी नोटीस तुमीच काढा. दोघायचं काम बघताच की. तिसऱ्याला जागा न्हाई का?"

साहेबांनी हात जोडून नकार दिला. पण नोटिशीची गरजच पडली नाही. परवानगीशिवायचा फोटो अंगाशी येईल हे ओळखून दोन्ही सरांनी त्याच संध्याकाळी होर्डिंग उतरवली. महिन्याभरात दोन्ही सरांनी फाइली दुसऱ्या वकिलांकडे नेल्या. एका बैठकीत तीन पक्षकार घालवायचा विक्रम आमच्या दोन्ही जिल्ह्यांत अजून कुणी मोडलेला नाही.

तेव्हापासून मी नोटीस लिहायच्या आधी एका माणसाला जरूर भेटतो. ज्याच्यावरून भांडण चाललंय, त्याला.