होऊन जाईल, काका!

आमच्या भागात कुणी तोंडावर नकार देत नाही. देणगी मागायला आलेल्याला 'पाहू', स्थळ घेऊन आलेल्याला 'कळवतो', आणि वडीलधाऱ्यानं काम सांगितलं की 'होऊन जाईल, काका'! भाई मात्र सरळ 'न्हाई' म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर समोरच्याला चहा पाजायचे. जालन्यात धान्याच्या मोंढ्यामागं दुसऱ्या मजल्यावर आमचं सहा माणसांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं, आणि तिथले प्रोजेक्ट भाई सांभाळत. पन्नाशीचे, आष्टीचे, घरी उर्दू आणि बाहेर अस्सल आपली मराठी. मी धावड्याची, कॉम्प्युटरची पदवी घेऊन नुकतीच आले होते. पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, हा माणूस मालकाचा धंदा बुडवणार.

नवं काम आलं की भाई आधी कॉम्प्युटरला हातच लावू देत नसत. एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेचं काम आलं, तेव्हा आम्ही तीन दिवस तिथं नुसते बसून होतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडून किती उगवले ते मोजायचं, आणि त्यावर बियाण्याचा तो सगळा लॉट पास की नापास ते ठरायचं. मोजणाऱ्या सुमनताई. भाईंनी त्यांच्याशेजारी बसून स्वतः कोंब मोजले, दोनदा चुकले आणि ताईंच्या शिव्या खाल्ल्या. मी वैतागून म्हटलं, "भाई, आपण प्रोग्रॅम लिहायला आलोय की मका उगवायला?" तर म्हणाले, "जिला वापरायचंय तिचा हात कसा चालतो ते पाहून घे आधी."

मग एका कागदावर दोन याद्या. काय करणार, आणि काय करणार नाही. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असायची आणि तिच्यावर ते गिऱ्हाइकाची सही घ्यायचे. "पहिल्या यादीवर कुणी भांडत न्हाई बेटा," असं म्हणायचे. मला तो निव्वळ चेंगटपणा वाटायचा.

'नव्वद टक्के झालं' असं म्हटलेलं त्यांना बिलकुल खपत नसे. "भाकर नव्वद टक्के भाजली तर खातेस का? झालं का न्हाई झालं, एवढंच बोल." आणि झालं म्हटलं की लगेच, "मंग सांगू नको, दाखव." मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचे ते इथं लिहीत नाही.

तर प्रयोगशाळेचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळेच काका म्हणायचो, फार प्रेमळ माणूस. एकदा मी एकटीच गेले होते, तर त्यांनी आपल्या डब्यातली धपाटी मला खाऊ घातली आणि हळूच म्हणाले, "पोरी, मागल्या दोन हंगामांच्या नोंदी बी टाकून दे की त्यात. जाता जाता होईल." तोंडात धपाटं, समोर पिकल्या केसांचा माणूस. नाही कसं म्हणणार? "होऊन जाईल, काका." त्या नोंदी 'करणार नाही'च्या यादीत होत्या. मी भाईंना न सांगता दोन रविवार येऊन त्या भरल्या, आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

सोमवारपासून सगळी तपासणी कॉम्प्युटरवर सुरू व्हायची होती. पेरणी तोंडावर आलेली, पिशव्या भरायला लागलेल्या. शुक्रवारी मी म्हटलं, "भाई, झालं." भाईंनी सुमनताईंना बोलावलं. ताईंनी एक्केचाळीस नंबरच्या लॉटची गुंडाळी उलगडली आणि मोजून म्हणाल्या, "अठ्ठावन्न." मी लॉटचा नंबर आणि तो आकडा टाकला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक्क्याण्णव, पास.

"अगं बाई," ताई म्हणाल्या, "हे तर मागल्या सालच्या एक्केचाळीसचं हाये!"

लॉटचे नंबर दर हंगामात एकपासून सुरू होत होते. जुन्या नोंदी नव्यांच्या डोक्यावर बसल्या होत्या, आणि मी तपासताना आपल्या मनाचे, जुन्या नोंदींत नसलेले नंबर टाकल्यानं मला ते दिसलंच नव्हतं. सोमवारी हे चालू झालं असतं, तर अर्धं मेलेलं बियाणं पास होऊन कुणाच्या तरी रानात गेलं असतं. आमच्या रानातसुद्धा! माझे वडील त्याच कंपनीची मका पेरत. खरं ते सगळं भाईंना सांगून टाकलं आणि आता नोकरी गेली म्हणून उभी राहिले.

भाई ओरडले नाहीत. म्हणाले, "हो तू म्हणली. आता न्हाई बी तूच म्हणणार. चल."

"भाई, तुम्हीच सांगा ना. मला न्हाई जमणार."

"मी सांगितलं तर माझं ऐकतील. उद्या मी नसलो तर तू काय करशील?"

काकांच्या खोलीत भाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले ते बसलेच, एक शब्द बोलतील तर शपथ. मी चूक सांगितली. काका लालबुंद झाले. "मंग तवा हो कशाला म्हणलीस? मी मालकाला काय तोंड दाखवू?"

"तुमचं मन मोडवलं नाही, काका," मी म्हटलं. राग माझा मलाच येत होता. "जुन्या नोंदी काढून टाकते. फक्त या हंगामाचे लॉट, बुधवारपासून. आठ दिवस ताईंचं रजिस्टरही सोबत चालू राहील. यापेक्षा जास्त मागितलंत तर न्हाई. जमणार न्हाई."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "बुधवार म्हणजे बुधवार?"

"हो."

बुधवारी सुरू झालं. सुमनताईंनी रजिस्टर आणि पडदा ताडून पाहिला, आठही दिवस बराबर. आमच्या मालकानं दोन दिवसांच्या उशिराबद्दल विचारलं, तेव्हा भाई म्हणाले, "चूक माझी. पोरगी डबा खाऊन आली, आन् काय कबूल करून आली ते मी विचारलंच न्हाई." मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते आवडलं नसतं.

दिवाळीनंतर त्यांच्या अम्मींनी अंथरूण धरलं आणि भाई नोकरी सोडून आष्टीला गेले. मी निरोपाच्या दिवशी चक्क भोकाड पसरलं. "आष्टी काय अमेरिकेत हाये का?" म्हणाले, आणि नाक शिंकरायला आपलाच रुमाल दिला.

पुढं त्याच कंपनीच्या सगळ्या गोदामांचं मोठं काम आलं. आमचे मालक त्यासाठी बाहेरून माणूस आणणार होते. एकदा एवढी मोठी चूक केलेल्या पोरीच्या हाती कोण देईल? मीही मनातून सोडून दिलं होतं. तेवढ्यात काकांचा मालकांना फोन आला: "ती धावड्याची पोरगी द्या. हो म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. हिनं चूक तोंडावर सांगितली आन् म्हणल्या दिवशी सुरू करून दाखवलं."

मी जिन्यात जाऊन भाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. भाई खाकरून म्हणाले, "मंग फोनवर काय करून राह्यली? जा, जल्दी कामाला लाग."

फोन ठेवायला मात्र विसरले. मी ऐकत राहिले. खाटेजवळ जाऊन ते मोठ्यानं, अम्मींच्या कानाशी सांगत होते, "अम्मी, सुनो तो... अपनी बच्ची को बड़ा काम मिला!"